४८ इलेक्ट्रोड, तीन उन्हाळे आणि एक रॉक ग्लेशियर: आमच्या रेझिस्टिव्हिटी मीटरबद्दल

यंत्राने पहिल्या दिवशी पडद्यावर दाखवली ती लाल अक्षरांतली एक यादी. ४८ पैकी ३१ इलेक्ट्रोडांचा, म्हणजे जमिनीत वीज सोडणाऱ्या आणि मोजणाऱ्या सळयांचा, जमिनीशी संपर्कच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पेटी, बॅटरी आणि केबलची दोन रिळं पाठीवर वाहून आणली होती, दुपारी ढग येणार हे माहीत होतं, आणि आम्ही तिघं एका धोंड्यावर बसून ती यादी वाचत होतो. तर आधीच सांगते, मी या यंत्रावर पहिल्यांदा चिडले आणि मग ते मला आवडायला लागलं. तीन उन्हाळ्यांनंतर चीडही शाबूत आहे आणि आवडही.

कंपनीचं आणि मॉडेलचं नाव देत नाही. एक तर पुढे त्यांच्या दुरुस्ती विभागाबद्दल बोलायचंय. शिवाय यातलं बरंचसं याच वर्गातल्या दुसऱ्या यंत्रांनाही लागू पडेल. आमचं यंत्र म्हणजे ४८ इलेक्ट्रोड, एकच चॅनेल (म्हणजे एका वेळी एकच मोजणी), जास्तीत जास्त ४०० व्होल्ट, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी पिवळी पेटी. दोन इलेक्ट्रोडांमधून ती जमिनीत वीज सोडते, दुसऱ्या दोघांमध्ये किती व्होल्टचा फरक पडला ते मोजते, आणि मग आपणच जोड्या बदलत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. जवळच्या जोड्या उथळ जमिनीची खबर देतात, लांबच्या खोलवरची.

आमची जागा म्हणजे उतारावर पसरलेली धोंड्यांची एक जीभ. वरून बघाल तर नुसती रास. पण आत बर्फ गच्च भरलेला आहे, आणि त्या बर्फासकट सगळी रास दरवर्षी थोडी थोडी खाली सरकते. रॉक ग्लेशियर म्हणतात तो हाच. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जी जमीन शून्य अंशाच्या वर जात नाही ती पर्माफ्रॉस्ट. ही त्यातली बर्फाने भरलेली, म्हणजे वितळली तर सर्वांत जास्त काही गमावणारी जात. खणायचं नाही, पण आतल्या बर्फाचं दरवर्षी काय होतंय ते कळायला हवं, असं आमचं काम.

यावर कुणीतरी हमखास विचारतं, बोअरहोलमध्ये थर्मामीटर सोडलाय ना, मग विजेची कटकट कशाला? आमच्याकडे बोअरहोल आहे. त्यातला ६ मीटर खोलीवरचा थर्मिस्टर, म्हणजे विजेवर चालणारा छोटा थर्मामीटर, तिन्ही वर्षं उणे ०.१ आणि उणे ०.२ यांच्यामध्ये घुटमळतोय. त्याच्यावर विश्वास ठेवला तर खाली काहीच घडत नाहीये. पण एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, आणि तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणजे उष्णता आत शिरत राहते, बर्फ ती गिळत राहतो, आणि थर्मामीटर शून्याच्या उंबऱ्यावर बसून राहतो. त्याच वेळी कणांच्या आणि बर्फाच्या मधल्या पाण्याच्या पातळ थरांची जाडी वाढत असते. वीज वाहते ती या थरांतून. तापमानाच्या आकड्यात जे महिनोन्महिने दिसत नाही ते रोधकतेच्या (रेझिस्टिव्हिटी, म्हणजे जमीन विजेला किती अडवते त्याच्या) आकड्यात उतरतं. यंत्र घ्यायचं मुख्य कारण हे, आणि या एका बाबतीत त्याने निराश केलं नाही.

घेताना मात्र आमची एक चूक झाली. आमच्या डोक्यात शिल्थॉर्न होतं. स्वित्झर्लंडमधल्या त्या शिखराजवळ, २,९०० मीटरच्या आसपास, १९९९ पासून एकाच ओळीवर विजेची मोजणी पुन्हा पुन्हा केली जाते. २००३ च्या भीषण उन्हाळ्यात तिथला वरचा वितळणारा थर एरवीच्या साधारण ५ मीटरवरून जवळपास ९ मीटरपर्यंत उतरला, आणि जमिनीतला तो बदल विजेच्या मोजणीत स्वच्छ दिसला. असं काही वाचलं की यंत्राची मागणी नोंदवायला हात शिवशिवतात. फरक एवढाच की शिल्थॉर्नची जमीन म्हणजे खडकाचा बारीक चुरा. बर्फ कमी, ओल बऱ्यापैकी, इलेक्ट्रोडची सळई हातोडीच्या चार घावांत आत. आमची जागा कुळाने मुर्तेलच्या जवळची. स्वित्झर्लंडमधल्याच कोर्वाच डोंगरावरच्या त्या रॉक ग्लेशियरमध्ये १९८७ साली ५८ मीटरचं भोक पाडलं गेलं आणि वरच्या धोंड्यांच्या थराखाली जवळजवळ नुसता बर्फ लागला. तिथे रोधकता दहा लाख ओहम-मीटरच्या घरात जाते. ओल्या मातीत ती शंभराच्या आसपास असते, यावरून अंदाज घ्या. थोडक्यात, शिल्थॉर्नचं स्वप्न बघून घेतलेलं यंत्र आम्ही मुर्तेलच्या भावंडावर नेऊन ठेवलं.

आता त्या लाल यादीकडे येते. धोंड्यात सळई ठोकता येत नाही. दोन धोंड्यांच्या फटीत ती अडकवली तर धातू दगडाला जेमतेम दोन-तीन बिंदूंवर टेकतो, आणि तो दगडही कोरडा. अशा ठिकाणी संपर्काचा रोध शेकडो किलोओहम, कधी मेगाओहमपर्यंत चढतो. ४०० व्होल्ट आणि एक मेगाओहम म्हणजे ०.४ मिलिअँपिअर. एवढ्याशा प्रवाहात १५ मीटर खालचं काय कळणार? उपाय जुना आहे आणि हास्यास्पद वाटावा इतका साधा: मिठाच्या पाण्यात बुडवलेला स्पंज सळईभोवती गुंडाळून फटीत कोंबायचा. भांडी घासायचा साधा स्पंज. पहिल्या दिवशी आमच्याकडे ते दहाच होते. दुसऱ्या दिवशी शंभर स्पंज आणि २० लिटर पाणी घेऊन गेलो तेव्हा लाल यादी तीन नावांवर आली. यंत्रासोबत आलेल्या १४० पानी पुस्तिकेत स्पंज हा शब्द नाही. हातोडीचं मात्र चित्र आहे.

स्पंज उन्हात वाळतात. बारा वाजता दिलेलं पाणी दोनला उडालेलं असतं, वारा असेल तर त्याआधीच. २ मीटर अंतरावर ४८ इलेक्ट्रोड म्हणजे ९४ मीटरची ओळ, आणि वेन्नर पद्धतीने, म्हणजे दर वेळी सारख्या अंतरावरचे चार इलेक्ट्रोड घेऊन, त्यात ३६० मोजण्या बसतात. सगळं सुरळीत असेल तर तासाभराचं काम. प्रत्येक मोजणीची उलट मोजणी, म्हणजे वीज सोडणारी आणि फरक मोजणारी जोडी आपसांत बदलून, घ्यायची तर दुप्पट. या काळात कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन धोंड्यांवरून उड्या मारत राहतं, आणि पेटीजवळची मी "थांब!" म्हणून ओरडत राहते. कारण ओळीत ४०० व्होल्ट असताना सळईला हात लावायचा नाही. पेटीचा आपत्कालीन लाल खटका मोठा आहे, हातमोजा घालूनही दाबता येतो. याचे पूर्ण गुण.

या यंत्राचा खरा दोष मला दुसऱ्या वर्षी कळला, आणि तो जाहिरातीत कधीच दिसणार नाही. व्होल्टेज मोजणाऱ्या बाजूचा स्वतःचा अंतर्गत रोध, ज्याला इनपुट इम्पीडन्स म्हणतात, तो यात १० मेगाओहम आहे. मातीच्या जमिनीवर तो भरपूर झाला. पण मोजणाऱ्या दोन्ही इलेक्ट्रोडांचा संपर्क-रोध एकेक मेगाओहम असेल तर एकूण १२ मेगाओहममधले १० च यंत्राच्या वाट्याला येतात. खऱ्या व्होल्टेजचा सहावा हिस्सा गायब. रोधकता तेवढीच कमी दिसते. आता उन्हाळा कोरडा गेला, स्पंज लवकर वाळले, तर काय होईल? गेल्या वर्षीपेक्षा रोधकता कमी. आणि रोधकता कमी म्हणजे बर्फ वितळला, असंच तर आपण शिकून आलेलो. दुसऱ्या वर्षी संध्याकाळी तंबूत आमच्यातला सर्वांत तरुण मुलगा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "मॅडम, सगळंच वितळतंय!" सगळंच वितळतंय म्हटल्यावर मला शंका आली. दुसऱ्या दिवशी पहाटे, दव असताना, स्पंज पुन्हा भिजवून तीच ओळ मोजली. बर्फ परत आला.

यंत्र प्रत्येक मोजणी सहा वेळा करतं आणि आकड्यांतली तफावत टक्क्यांत दाखवतं. आम्ही त्या टक्क्याला मोजणीच्या दर्जाचं प्रमाणपत्र समजत होतो. पण ही चूक सहाही वेळा सारखीच होते, त्यामुळे तफावत अर्धा टक्का आणि आकडा मात्र भलताच. ती पकडली उलट मोजणीने: जोड्या बदलल्यावर आकडा तोच यायला हवा, आणि कोरड्या इलेक्ट्रोडांच्या जागी तो येत नव्हता. यंत्रात उलट मोजणीची सोय तयार नाही. जोड्यांची फाइल स्वतः लिहून भरावी लागते. ज्या यंत्राच्या पत्रकावर "पर्माफ्रॉस्टसाठी योग्य" असं छापलंय त्यात ही सोय एका बटणावर हवी होती.

रॉक ग्लेशियर सरकतो, त्याची किंमत वेगळी. धोंडा १० सेंटिमीटर हलला की २ मीटरच्या अंतरात ५ टक्क्यांचा फरक पडला, आणि हिशेबात जुनंच अंतर धरलं तर तो फरक रोधकतेत जाऊन बसतो. म्हणून दरवर्षी सगळ्या ४८ जागा जीपीएसने नव्याने मोजायच्या. आम्ही धोंड्यांत छोटी भोकं पाडून पोलादी खिळे कायमचे बसवलेत आणि शेजारी रंगाने आकडे घातलेत. तीन वर्षांत यंत्रावर जेवढे तास गेले त्याहून जास्त या खिळ्यांवर गेले असतील, आणि बदल मोजायचा असेल तर ते तास वाचवू नका असं मी म्हणेन.

केबलबद्दल थोडक्यात. वरचं आवरण चांगलं, थंडीत कडक होत नाही. जोडण्या वाईट; पिना नाजूक आणि झाकणाची दोरी पहिल्याच महिन्यात तुटली. मार्मोटने (डोंगरातला खारीच्या कुळातला एक गुबगुबीत प्राणी) एका रात्रीत दोन ठिकाणी केबल कुरतडली, त्यात कंपनीचा दोष नाही. वीज कडाडायची चिन्हं दिसली की केबल पेटीतून काढून दूर व्हायचं. डोंगरावर पसरलेली ९४ मीटरची तार आहे ती, आकाशातल्या विजेला आमंत्रणच.

सोबतचं सॉफ्टवेअर. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

मोजलेले ३६० आकडे म्हणजे जमिनीचं चित्र नव्हे. कुठल्या जमिनीतून असे आकडे आले असते याचा उलटा शोध घ्यावा लागतो, त्याला इन्व्हर्जन म्हणतात, आणि एकाच आकड्यांना जुळणाऱ्या जमिनी अनेक असतात. सॉफ्टवेअर त्यातली सर्वांत गुळगुळीत निवडतं. बर्फाचा वरचा पृष्ठभाग प्रत्यक्षात कडक, सुरीने कापल्यासारखा असला तरी चित्रात तो हळूहळू विरत जाणारा दिसतो. हे एक वेळ समजण्यासारखं आहे. पण डिफॉल्ट रंगपट्टीत कमी रोधकता निळी आणि जास्त लाल, म्हणजे आमचा बर्फ टोमॅटोसारखा लालभडक. बैठकीत चित्र दाखवलं की प्रत्येक वेळी पहिली पाच मिनिटं "लाल म्हणजे गरम नव्हे" हे सांगण्यात जातात. पट्टी उलटी करता येते, पण फाइल बंद केली की सेटिंग विसरलं जातं. तीन वर्षांत दोन अपडेट आले, हे तसंच.

गंभीर गोष्ट खोलीची. पहिल्या वर्षी चित्राच्या तळाशी, १२ मीटरच्या खाली, रोधकता झपकन उतरलेली दिसली. बर्फाच्या खाली पाणी! मी दोन दिवस त्यावर टिपणं काढत होते. मग एका जुन्या युक्तीची आठवण झाली: सुरुवातीला गृहीत धरायची जमीन बदलायची आणि इन्व्हर्जन पुन्हा चालवायचं. गृहीत रोधकता दहापट केली आणि तळाचं पाणी नाहीसं झालं. त्या जागी बर्फच बर्फ. म्हणजे त्या खोलीबद्दल आमच्या आकड्यांकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच, सॉफ्टवेअर माझंच गृहीतक मला रंगवून परत देत होतं. कारणही सरळ आहे. वीज बर्फ टाळते, वरच्या ओलसर थरातून आडवी पळते, आणि बर्फाच्या खाली पोचते ती अगदी थोडी. बर्फ जितका जास्त, तितकी त्याच्या तळाची खबर कमी. सॉफ्टवेअरने असा भाग करडा करून दाखवायला हवा. आमचं दाखवत नाही, तळापर्यंत तितक्याच ठसठशीत रंगांत रंगवतं. आता आम्ही सोबतचं सॉफ्टवेअर फक्त आकडे उतरवून घ्यायला वापरतो आणि पुढचं सगळं पायगिम्ली नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. ते फुकट आहे, मुक्त आहे, शिकायला आठवडे लागतात, आणि काय गृहीत धरलंय ते लपवत नाही.

दुसरी अडचण यंत्राची नाही, निसर्गाची आहे, पण विकत घेणाऱ्याला माहीत हवी. हवाही वीज वाहू देत नाही. धोंड्यांच्या राशीत पोकळ्या भरपूर, आणि रोधकतेच्या चित्रात हवेने भरलेली पोकळी आणि बर्फाने भरलेली पोकळी दोन्ही सारख्याच दिसतात. त्यासाठी त्याच ओळीवर हातोडा आणि जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारी उपकरणं) घेऊन भूकंपलहरींची मोजणीही करावी लागते. लहरी बर्फातून सेकंदाला साधारण ३,५०० मीटरने जातात, पाण्यातून १,५०० ने, हवेतून ३३० ने. आमच्या ओळीच्या वरच्या टोकाला रोधकता प्रचंड आणि लहरी मंद निघाल्या, म्हणजे तिथे नुसती पोकळ रास. मधल्या ४० मीटरात दोन्ही जास्त, तिथे खरा बर्फ. फक्त विजेच्या जोरावर आम्ही वरच्या टोकालाही बर्फाचा साठा म्हणून मोकळे झालो असतो.

मग यंत्राने दिलं काय? तिसऱ्या ऑगस्टच्या अखेरीस, पहिल्या दोन वर्षांच्याच आठवड्यात, ओले स्पंज, मोजलेल्या जागा, उलट मोजण्या, सगळं पाळून ओळ मोजली. तिन्ही वर्षं एकत्र इन्व्हर्जनमध्ये घातली. पोकळ रास जशीच्या तशी. बर्फाचा गाभा जवळजवळ जसाच्या तसा. पण ५ ते ७ मीटरच्या पट्ट्यात, बोअरहोलच्या अगदी शेजारी, साधारण ६०,००० ओहम-मीटरवरून ४०,००० च्या आसपास उतरण झालेली, दोन टप्प्यांत, दोन्ही एकाच दिशेला. ६ मीटरवरचा थर्मिस्टर त्या दिवशीही उणे ०.१ दाखवत होता. सगळंच वितळतंय असं आता कुणी म्हणालं नाही. त्या मुलाने फक्त पहिल्या वर्षीच्या संपर्क-रोधांची वही मागितली, आणि बदललेल्या पट्ट्याला भिडणाऱ्या इलेक्ट्रोडांचे आकडे एकेक करून ताडून बघितले. जुळले. मग चहा केला.

दुरुस्ती विभागाबद्दल कबूल केलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात केबलची एक जोडणी गेली. "दोन आठवडे" असं उत्तर आलं, केबल परत आली ती बर्फ पडायला लागल्यावर. तो हंगाम आम्ही उरलेल्या केबलवर २४ इलेक्ट्रोडांनी, ओळ दोनदा मांडून काढला. त्यामुळे त्या वर्षीचे सर्वांत खोलवरचे आकडे आमच्याकडे नाहीत, आणि तुलनेत ते भोक कायमचं राहणार. मोजणीच्या यंत्राची दुरुस्ती हंगामात होत नसेल तर ती दुरुस्ती नव्हे. हंगाम जेमतेम सात आठवड्यांचा असतो, हे पर्माफ्रॉस्टसाठी यंत्र विकणाऱ्यांना ठाऊक हवं.

तारे द्यायचेच तर पेटीला पाचपैकी चार, केबलला तीन, सॉफ्टवेअरला एक, दुरुस्तीला काहीच नाही. मातीच्या जमिनीवर, बारीक चुऱ्याच्या उतारावर काम असेल तर बिनधास्त घ्या. धोंड्यांवर नेणार असाल तर विक्रेत्याला आधी इनपुट इम्पीडन्स विचारा. "पुरेसा आहे" असं उत्तर आलं तर आकडा मागा. १०० मेगाओहमवालं यंत्र मिळत असेल तर चॅनेल कमी असले तरी ते घ्या. हिवाळाभर आपोआप मोजत राहणारी मांडणी करायचा विचार असेल, तर वरचा थर गोठला की संपर्क-रोध पुन्हा आकाशाला भिडतो आणि ऐन थंडीतले आकडे बऱ्याचदा गळतात, हे धरून चाला.

यंदाची ओळ आवरताना १७ नंबरचा धोंडा कलंडलेला सापडला, खिळ्यासकट. नवा खिळा शेजारच्या धोंड्यात बसवलाय, जुन्यापासून २३ सेंटिमीटरवर, आणि रंगाने "१७ अ" लिहिलंय. वहीतही नोंद केलीय. पुढच्या वर्षी वर जाताना पिशवीत आधी स्पंज भरणार, मग पेटी.